कागद झडला तरी अक्षर राहावं

आजचं वाचन : दासबोध, दशक 19, समास 1

काल कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीपाशी एक आजी परमरहस्य वाचत बसल्या होत्या. पोथी छापील, मोठ्या अक्षरातली. मनात आलं, छापखाने नव्हते तेव्हा अशा पोथ्या कुणी कुणी हाताने उतरवल्या म्हणून आपल्यापर्यंत पोचल्या. घरी येऊन आजचा समास उघडला, तर समर्थ रामदास नेमकं हेच शिकवत होते.

समर्थ आपल्याच मराठवाड्यातले. 1608 साली जांबेत जन्म, नाव नारायण. बाराव्या वर्षी लग्नाच्या बोहल्यावरून निघाले ते नाशिकजवळ टाकळीला. तिथे बारा वर्षं नदीच्या पाण्यात उभं राहून जप केला, असं परंपरा सांगते. पण त्यांचं आणखी एक तप आपण विसरतो. वाल्मीकी रामायण त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवून काढलं. ती पोथी धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात जपून ठेवली आहे.

पुढे देशभर फिरले, मठ स्थापले. शिवथरघळीत ते सांगत गेले, कल्याणस्वामी लिहीत गेले, आणि दासबोध झाला. त्यात आत्मज्ञानाच्या शेजारी हा समास आहे! अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं हवं. काना, मात्रा, वेलांटी नीट हवी. पहिल्या अक्षराचं वळण ग्रंथ संपेपर्यंत टिकावं. बोरू कसे निवडावेत, हिंगूळ आणि शाई कशी साठवावी, तेही सांगितलंय.

मला दोन गोष्टी लागल्या. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही. आणि चारी बाजूंनी जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर वाचेल.

मी दिवसभर कोड लिहितो. सहा महिन्यांनी माझंच मला कळत नाही, कारण लिहिताना पुढचा वाचणारा डोळ्यांसमोर नसतो. समर्थांना तो दिसत होता. 1682 साली सज्जनगडावर त्यांनी देह ठेवला, पण अक्षर राहिलं.

वडिलांना हल्ली मोबाईलवरचं वाचता येत नाही. मी मात्र रोज त्यांना इथली लिंकच पाठवतो. आज बोरू आणलाय. पहिली ओळ वाकडी गेली, शाई फुटली. पुन्हा लिहितोय. अक्षर मोठं, समास सोडून.

जय जय रघुवीर समर्थ.