मंत्रिपदाविना चव्वेचाळीस वर्षे

संसदेतील थोर माणसे म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पंतप्रधान, मंत्री, फार तर विरोधी पक्षाचे नेते उभे राहतात. मागच्या बाकांवर बसणाऱ्यांची नावे निवडणुकीनंतर वर्षभरात त्यांच्या मतदारांनाही आठवत नाहीत. विल्यम विल्बरफोर्स हे इंग्लंडच्या कॉमन्स सभेत १७८० पासून १८२५ पर्यंत होते आणि या सबंध काळात त्यांनी एकही मंत्रिपद भूषविले नाही. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढलेला ख्रिस्ती पुढारी म्हणून त्यांचे नाव शब्बाथशाळेपासून आपल्या कानांवर आहे. परंतु ते काम त्यांनी सभागृहात नेमके कसे केले, मित्राविरुद्ध मत देताना काय सोसले आणि कोठे त्यांची दृष्टी तोकडी पडली, हे आपण क्वचितच विचारतो.

त्यांचा जन्म २४ ऑगस्ट १७५९ रोजी हल या बंदरात एका सधन व्यापारी घराण्यात झाला. वडील लवकर वारले, म्हणून मुलाला विम्बल्डन येथे काका-काकूंकडे पाठविण्यात आले. ते घर मेथॉडिस्ट वळणाचे होते. तेथेच गुलामांच्या जहाजाचे एकेकाळचे कप्तान व पुढे पाळक झालेले जॉन न्यूटन त्यांना प्रथम भेटले. मुलगा फारच धार्मिक होत चालला, या भीतीने आईने त्याला परत आणले. पुढे केंब्रिजचे शिक्षण, पत्ते, मेजवान्या, गोड गळा आणि विल्यम पिट यांची मैत्री. एकविसाव्या वर्षी ते हलमधून निवडून आले. त्या निवडणुकीत आठ हजार पौंडांहून अधिक खर्च झाला. मतदारांना पैसे वाटण्याची चाल तेव्हा उघड होती आणि विल्बरफोर्स यांनी ती पाळली. १७८४ मध्ये ते यॉर्कशायरसारख्या विशाल मतदारसंघाचे प्रतिनिधी झाले. मित्र पिट तोपर्यंत चोविसाव्या वर्षी पंतप्रधान झाले होते. मंत्रिपद हात लांबविण्याएवढेच दूर होते.

१७८४-८५ मध्ये आयझॅक मिल्नर या विद्वानासोबत युरोपचा प्रवास करताना त्यांनी प्रथम फिलिप डॉड्रिज यांचे भक्तिपर पुस्तक आणि नंतर ग्रीक नवा करार वाचला. घोडागाडीच्या हेलकाव्यांत मूळ भाषेतील शास्त्र वाचणारा तो तरुण खासदार भाषांतराच्या मेजावर बसणाऱ्या माझ्यासारख्याला विशेष जवळचा वाटतो. प्रवासाहून परतल्यावर राजकारण सोडावे की काय, या घालमेलीत ते १७८५ च्या डिसेंबरात न्यूटन यांच्या घरी गेले. दार ठोठावण्याचा धीर होईना, म्हणून त्यांनी आधी चौकाला दोन फेऱ्या मारल्या. न्यूटन यांनी त्यांना सभागृहातच राहण्याचा सल्ला दिला. पिट यांचेही म्हणणे तेच होते.

पालटलेल्या मनाने आणलेले पहिले विधेयक मात्र आपण कल्पना करू तसे नव्हते. १७८६ मध्ये त्यांनी सुचविले की, खुनाखेरीज इतर काही गुन्ह्यांसाठी फाशी गेलेल्यांची प्रेतेही शवविच्छेदनासाठी वैद्यांना द्यावीत. शरीरशास्त्र शिकण्यास प्रेते मिळत नव्हती, ही खरीच अडचण होती. परंतु मेल्यावरही ज्याच्या देहावर त्याच्या घरच्यांचा हक्क उरणार नाही असा माणूस बहुधा गरीबच असणार, हे त्यांना जाणवलेले दिसत नाही. कॉमन्स सभेत विधेयक संमत झाले, लॉर्ड्स सभेने ते फेटाळले. त्यांच्या चरित्रांत या प्रकरणाला फारशी जागा मिळत नाही. मला ते सांगावेसे वाटते, कारण चांगल्या हेतूने केलेला कायदा कोणाच्या वाट्याला येतो हा प्रश्न त्यांना पुढे आयुष्यभर चुकला नाही.

१७८७ च्या मे महिन्यात केंट परगण्यात एका जुन्या ओकवृक्षाखाली पिट, विल्यम ग्रेनव्हिल आणि विल्बरफोर्स बोलत बसले होते. गुलामांच्या व्यापाराचा प्रश्न तू सभागृहात मांड, असे पिट यांनी तेथे सुचविले. त्याच महिन्यात लंडनमध्ये या व्यापाराविरुद्ध समिती स्थापन झाली. तिच्यात बहुसंख्य क्वेकर होते, आणि थॉमस क्लार्कसन बंदराबंदरांतून पुरावे गोळा करीत होते. पुढल्याच वर्षी विल्बरफोर्स मरणोन्मुख झाले. पोटाच्या विकारावर वैद्यांनी अफू दिली, जीव वाचला. परंतु औषध म्हणून अफू कायमची मागे लागली. ते अंथरुणावर असतानाच सर विल्यम डॉल्बेन यांनी जहाजातील गर्दीवर मर्यादा घालणारा कायदा १७८८ मध्ये संमत करून घेतला. गुलामांच्या जहाजावर शस्त्रवैद्य असलाच पाहिजे, आणि वाटेत शेकडा दोनांहून अधिक माणसे मेली नाहीत तर कप्तानाला शंभर व वैद्याला पन्नास पौंड बक्षीस, असे त्यात होते. वाचकहो, माणसे जिवंत पोचविल्याबद्दल बक्षीस द्यावे लागते, या एका कलमात त्या व्यापाराचे सारे रूप दिसते.

१२ मे १७८९ रोजी विल्बरफोर्स बोलण्यास उभे राहिले आणि सुमारे साडेतीन तास बोलले. कृश, ठेंगणा देह. परंतु आवाज सभागृहाला बांधून ठेवणारा. आपण एखाद्या गटावर दोषारोप करण्यास आलो नसून, हा व्यापार इतकी वर्षे चालू दिल्याबद्दल पार्लमेंटसह आपण सर्वच दोषी आहोत, अशी त्यांनी सुरुवात केली. त्यानंतर ते हिशोबाकडे वळले. समुद्रप्रवासात शेकडा साडेबारा माणसे मरतात. जमैकात उतरल्यावर विक्रीच्या दिवसापूर्वीच आणखी शेकडा साडेचार. नव्या हवापाण्याची सवय होईपर्यंत आणखी कितीतरी. आफ्रिकेतून चढविलेल्या शंभरांपैकी कामाला उभे राहतात ते जेमतेम पन्नास. एका लिव्हरपूलकराने साक्ष दिली होती की, जहाजावरील कोठड्या सुगंधित असतात आणि गुलाम आनंदाने गातात, नाचतात. विल्बरफोर्स यांनी ही साक्ष ओळीओळीने उलगडली. नाच चाबकाच्या धाकाने करविला जात असे, शरीर आखडून माल खराब होऊ नये म्हणून. आणि गाणी होती ती घर सुटल्याच्या विलापाची.

आपल्या मराठी शास्त्रात याच माणसासाठी ‘दास’ हा शब्द येतो. संतांच्या अभंगांनी या शब्दाला इतका गोडवा दिला आहे की, मूळ ग्रीक शब्दात बाजारात विकत घेतलेला माणूसही असतो हे आपण विसरतो. फिलेमोनाला लिहिलेले पत्र भाषांतरित करताना मला त्या जहाजांची आठवण होते.

अर्थकारणाचा आक्षेप सर्वांत जड होता. व्यापार बंद केला तर लिव्हरपूल बुडेल, वेस्ट इंडीजच्या साखरेवर जगणारी तिजोरी रिती होईल, नौदलाला खलाशी मिळणार नाहीत, असे म्हटले जाई. क्लार्कसन यांनी जहाजांच्या हजेरीपत्रकांवरून दाखविले होते की, या व्यापारात इंग्लिश खलाशीही इतर कोणत्याही व्यापारापेक्षा जास्त मरतात. म्हणजे ही खलाशांची शाळा नसून स्मशान होते. विल्बरफोर्स यांनी मळेवाल्यांना त्यांच्याच फायद्याची भाषा ऐकविली: नवे गुलाम मिळणे थांबले तर आहेत त्यांना नीट खाऊ घालावे लागेल, त्यांची मुले जगवावी लागतील. तरीही १७९१ मध्ये १६३ विरुद्ध ८८ मतांनी ते हरले. १७९२ मध्ये हेन्री डंडास यांनी ठरावात ‘हळूहळू’ हा शब्द घातला आणि ठराव २३० विरुद्ध ८५ मतांनी संमत झाला. जानेवारी १७९६ ही व्यापार थांबविण्याची तारीखही ठरली. लॉर्ड्स सभेने साक्षीपुराव्यांच्या निमित्ताने ती बुडविली. मार्च १७९६ मध्ये पुन्हा विधेयक आले आणि ७४ विरुद्ध ७० मतांनी पडले. ज्यांची मते हमखास मिळाली असती असे काही सदस्य त्या रात्री नव्या इटालियन संगीतिकेला गेले होते, तर काही गावी.

याच वर्षांत फ्रान्सशी युद्ध सुरू होते. डिसेंबर १७९४ मध्ये विल्बरफोर्स यांनी सरकारने शांततेची बोलणी करावी अशी दुरुस्ती मांडली. पंतप्रधान कोण, तर त्यांचेच पिट. राजाने दरबारात त्यांच्याकडे पाहिलेही नाही, यॉर्कशायरचे मतदार रुष्ट झाले आणि मित्राच्या घरचे जेवण काही महिने बंद पडले. पिट यांची झोप ज्या मोजक्या प्रसंगांनी उडाली त्यांत हा एक होता, असे सांगतात. १७९६ मध्ये पिट यांनी स्वतःच पॅरिसला वकील धाडला.

दुसरा प्रसंग अधिक कठीण होता. डंडास तोवर लॉर्ड मेल्व्हिल झाले होते. नौदलाच्या खजिन्यावर ते असताना त्यांच्या हाताखालच्या माणसाने सरकारी पैसा खाजगी फायद्यासाठी फिरविला होता. ८ एप्रिल १८०५ रोजी त्यांच्या निषेधाचा ठराव आला. अनेक सदस्यांचे मत अजून ठरायचे होते. विल्बरफोर्स उभे राहिले तेव्हा समोरच्या बाकावरून पिट यांची नजर त्यांच्यावर खिळली होती. ते ठरावाच्या बाजूने बोलले. मते पडली ती दोन्हीकडे २१६. सभापतींनी निर्णायक मत मेल्व्हिल यांच्याविरुद्ध दिले. पिट यांचे डोळे भरून आले. नऊ महिन्यांनी, जानेवारी १८०६ मध्ये, पिट वारले.

मंत्री झालेल्या विल्बरफोर्स यांना ही दोन मते देता आली असती काय? मला वाटते, नाही.

त्यानंतर ग्रेनव्हिल यांचे सरकार आले. जेम्स स्टीफन या कायदेपंडिताच्या युक्तीने १८०६ मध्ये युद्धकाळाचे धोरण म्हणून परकीय मुलखांना गुलाम पुरविण्यास बंदी घातली गेली, आणि निम्म्याहून अधिक व्यापार तेथेच तुटला. २३ फेब्रुवारी १८०७ च्या रात्री कॉमन्स सभेत २८३ विरुद्ध १६ मते पडली. सर सॅम्युएल रोमिली यांनी भाषणात नेपोलियनची झोप व विल्बरफोर्स यांची झोप यांची तुलना केली तेव्हा ते बसल्या जागी अश्रू ढाळीत होते. २५ मार्चला कायद्यावर राजाची संमती झाली.

वाचकहो, आता आपल्या देशाकडे येऊ. १७९३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीची सनद नवी होत असताना मिशनरी व शिक्षक हिंदुस्थानात जाऊ देण्याचे कलम त्यांनी मांडले होते. कंपनीच्या संचालकांनी ते हाणून पाडले. १८१३ मध्ये ८३७ अर्ज पार्लमेंटपुढे आले. २२ जूनला विल्बरफोर्स बोलले, ८९ विरुद्ध ३६ मतांनी कलम संमत झाले. याच सनदेत शिक्षणासाठी वर्षाला एक लाख रुपयांची तरतूद झाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले होते आणि त्यांना परत जाण्याचे हुकूम सुटत होते. अखेर त्यांना राहू दिले गेले. त्यांच्याच मिशनने १८२६ मध्ये मुंबईत मराठी नवा करार छापून पुरा केला. १८०४ मध्ये ब्रिटिश अँड फॉरिन बायबल सोसायटी स्थापन करणाऱ्यांतही विल्बरफोर्स होते. आपल्या घरातील शास्त्राशी त्यांचे नाते असे दुहेरी आहे.

तरीही खरे सांगितले पाहिजे. त्या भाषणात हिंदू धर्माविषयी आणि देवतांविषयी त्यांनी वापरलेले शब्द आज वाचवत नाहीत. ते कधी या देशात आले नव्हते. लिव्हरपूलच्या साक्षी इतक्या कसोशीने तपासणाऱ्या माणसाने येथे मुख्यतः आपल्या मताला जुळणाऱ्यांचेच अहवाल आधाराला घेतले. ज्या शेजाऱ्यांमध्ये आपण पिढ्यान्‌पिढ्या राहतो त्यांच्याविषयीचे ते बोलणे आपल्याला टोचावे, हेच योग्य.

१८१४ मध्ये फ्रान्सशी तह झाला आणि त्यात फ्रान्सला आणखी पाच वर्षे गुलामांचा व्यापार करण्याची मुभा मिळाली. परराष्ट्रमंत्री कॅसलरे तह घेऊन सभागृहात आले तेव्हा सारे सदस्य टाळ्या वाजवीत उभे होते. विल्बरफोर्स यांनी मात्र त्या कलमावर उघड आक्षेप घेतला. काही आठवड्यांत आठशेच्या आसपास अर्ज गोळा झाले. फेब्रुवारी १८१५ मध्ये व्हिएन्ना येथे युरोपातील सत्तांनी या व्यापाराचा निषेध जाहीर केला. खजिना किंवा सैन्य हाती नसलेल्या एका सदस्याने केवळ जनतेच्या सह्यांच्या बळावर परराष्ट्रमंत्र्याला हलविले होते.

घरच्या गरिबांबाबत मात्र हाच माणूस वेगळा दिसतो. गिरण्यांतील शिकाऊ मुलांच्या आरोग्याचा १८०२ चा कायदा त्यांनी उचलून धरला, हे खरे. परंतु कामगारांच्या संघटनांवर सरसकट बंदी घालण्याची सूचना १७९९ मध्ये त्यांनीच केली, आणि १८१९ मध्ये सभा व वृत्तपत्रे यांना जखडणाऱ्या कायद्यांनाही पाठिंबा दिला. देशी गव्हाचा भाव ८० शिलिंगांवर जाईपर्यंत परदेशी गहू येऊ न देणाऱ्या १८१५ च्या कायद्यालाही त्यांचे मत होते. भाकरी महाग करणारा हा कायदा होताना लंडनमध्ये जमाव खवळला, आणि विल्बरफोर्स यांच्या घरी रक्षणासाठी शिपाई ठेवावे लागले. फ्रान्समधील रक्तपाताची धास्ती त्यांच्या मनातून गेली नव्हती, हे कारण समजते. विल्यम कॉबेट यांनी त्यांच्यावर केलेली जळजळीत टीका सगळीच अन्यायाची नव्हती.

१८२५ मध्ये प्रकृतीमुळे त्यांनी सभागृह सोडले. गुलामगिरीच नष्ट करण्याचे काम थॉमस फॉवेल बक्स्टन यांनी हाती घेतले होते. थोरल्या मुलाचा दुधाचा व्यवसाय बुडाला, घर सोडावे लागले, आणि अखेरची वर्षे पाळक असलेल्या मुलांच्या घरी गेली. विधेयक संमत होणार हे निश्चित झाल्याची बातमी त्यांना २६ जुलै १८३३ रोजी अंथरुणावर समजली. २९ जुलैच्या पहाटे ते प्रभूकडे गेले. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये त्यांना पिट यांच्या कबरीजवळच पुरण्यात आले.

त्या कायद्याने दोन कोटी पौंड भरपाई मंजूर केली. ती मालकांना मिळाली, सुटलेल्यांना काहीही नाही. ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख तर त्यातून मुद्दाम वगळला होता. आपल्या देशातील गुलामांवरचा मालकी हक्क न्यायालयांनी मान्य करू नये, असा कायदा कलकत्त्यात १८४३ मध्ये झाला.