फूरियेचं कडं आणि आमचं हॉस्टेल

एम-थ्रीच्या पेपरला ज्याच्या नावाने आपण खडे फोडतो, तो जोसेफ फूरिये (आपल्या भाषेत फोरिअर) माणूस म्हणून कसा होता, हे आपल्याला कुणी सांगत नाही. म्हणून हा खटाटोप.

जन्म 1768 चा, फ्रान्समधल्या ओसेर गावी, एका शिंप्याच्या घरात. आई-वडील लहानपणीच गेले. लष्करी शाळेत गणिताची गोडी लागली. पुढे राज्यक्रांतीच्या धामधुमीत 1794 मध्ये तुरुंगात पडला. रोब्सपिएरची सत्ता कोसळली आणि हा सुटला. 1798 मध्ये नेपोलियनबरोबर इजिप्तला गेला. परतल्यावर त्याला शिकवायचं होतं, पण नेपोलियनने 1802 मध्ये ग्रनोबलला प्रीफेक्ट, म्हणजे आपल्या कलेक्टरसारखा अधिकारी, म्हणून धाडलं. तिथे दलदली कोरड्या करणं, रस्ते बांधणं चालू, आणि उरलेल्या वेळात उष्णतेचं गणित! इजिप्तहून आल्यापासून त्याला थंडी सोसत नसे, खोल्या तो कायम तापवून ठेवी, असं सांगतात.

1807 मध्ये त्याने उष्णतेवरचा प्रबंध पॅरिसला सादर केला. लाग्रांजसारख्या दिग्गजांना त्यातली साइन-कोसाइनची मालिका पटेना. 1812 मध्ये बक्षीस मिळालं, तेही आक्षेपांसकट. पुस्तक छापून आलं 1822 मध्ये.

मला या पुस्तकातलं एक फार आवडलं. फूरियेने गणितासाठी आकार निवडले ते अगदी साधे: कडं, गोल, दंडगोल, घन. लोखंडी कडं तापवून, त्यावर थर्मामीटर लावून त्याने आपलं गणित पडताळलं. पृथ्वीचा विचार करतानाही डोंगरदऱ्या बाजूला ठेवल्या आणि सरळ गोल धरला. उष्णता कशी वाहते, हा त्याचा प्रश्न होता. त्याला लागेल तेवढाच आकार त्याने घेतला.

यंदा आमच्या फायनल इयर ग्रुपला हे फार उपयोगी पडलं. आम्ही हॉस्टेलचं एनर्जी मॉडेल करतोय. प्रश्न एकच: मे महिन्यात वरच्या मजल्यावरची पोरं भाजून का निघतात, आणि त्यावर उपाय काय? अर्ध्या ग्रुपला खिडकीचे गज, कठडे, कॉर्निस सगळं काढायचं होतं. मी म्हटलं, आधी भिंतीला विचारू.

विटांच्या भिंतीत दिवस-रात्रीची तापमानाची लाट साधारण 12 सेंटिमीटर आत गेली की सुमारे 37 टक्के उरते. तासाभराची लाट अडीच सेंटिमीटरच्या आतच तेवढी होते. म्हणजे बारीकसारीक चढउतार भिंत स्वतःच गिळून टाकते! एनर्जीप्लससारखं सॉफ्टवेअरही भिंतीतली उष्णता एकाच दिशेने, जाडीतून, वाहते असं धरतं. त्याला हवं असतं क्षेत्रफळ, दिशा, भिंतीतले थर. कॉर्निसची नक्षी काढून आकडा फारसा हलत नाही, फक्त रन लांबतो.

पण याचा अर्थ सगळंच खोकं करा असा नाही. छज्जा सोडला तर काचेवर ऊन पडतं आणि हिशोब कोलमडतो. शेजारच्या इमारतीची सावली, गच्चीचा स्लॅब, वरचा मजला वेगळा झोन म्हणून धरणं, हे हवंच. खोलीत उजेड किती येतो हे काढायचं असेल तर खिडकीची नेमकी जागाही लागते. बाहेर आलेल्या बाल्कनीच्या स्लॅबमधून उष्णता आडवी आत शिरते, तिचा हिशोब वेगळा करावा लागतो.

फूरिये 1830 मध्ये पॅरिसला गेला. आयफेल टॉवरवर कोरलेल्या 72 नावांत त्याचंही नाव आहे. ज्युनिअर मित्रांनो, मॉडेल उघडण्याआधी आपला प्रश्न एका ओळीत कागदावर लिहा. प्रत्येक रेघ काढताना विचारा, ही काढली नाही तर उत्तर बदलेल का? बदलत नसेल तर ती सोडा आणि मेसला वेळेवर जा!