लिहिता न येणारी कवयित्री

जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव देण्यात आलं. म्हणजे आता तिथून इंजिनिअर होऊन बाहेर पडणाऱ्या पोराच्या पदवीवर अशा एका बाईचं नाव असतं, जिला अक्षरओळखसुद्धा नव्हती. आपण इथे चार वर्षं जर्नलं उतरवून काढतो, सबमिशनच्या आदल्या रात्री एकमेकांच्या फाइली पळवतो, आणि पदवीवर नाव कुणाचं? चुलीपुढे आणि बांधावर जन्म काढलेल्या एका शेतकरणीचं! मला तर हे वाचून फार बरं वाटलं होतं. मी खान्देशातला, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

बहिणाबाईंचा जन्म ऑगस्ट १८८० चा, नागपंचमीचा. गाव आसोदे, जळगावच्या अगदी जवळ. महाजनांचं घर. वडील उखाजी, आई भिमाई. तीन भाऊ, तीन बहिणी, भरलेलं घर. शाळेचा प्रश्नच नव्हता, त्या काळात शेतकऱ्याच्या पोरीला शाळेत कोण घालणार? तेराव्या वर्षी लग्न झालं आणि त्या जळगावच्या नथुजी खंडेराव चौधरींच्या घरी आल्या. तेरावं वर्ष म्हणजे आपल्या हिशेबात आठवी. सासर-माहेरात अंतर ते काय, पायी जाता येईल इतकंच. पण सासुरवाशिणीचं अंतर मैलात मोजत नाहीत. त्या वाटेवर, माहेरावर, आखाजीच्या सणाला माहेरी आलेल्या पोरींवर त्यांनी पुढे गाणी केली, त्यावरून ती वाट किती लांब वाटत असेल याचा अंदाज येतो.

काशी, ओंकार आणि सोपान अशी तीन मुलं झाली. आणि १९१० साली, बहिणाबाई तीस वर्षांच्या असताना, नथुजी वारले. सोपान तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा. ओंकारला प्लेगनं कायमचं अपंगत्व आलं. त्या काळातली विधवा, पदरात तीन लेकरं, शेती आणि चौधऱ्यांच्या मोठ्या घरातला रगाडा. यापुढची चाळीस वर्षं त्यांनी कशी काढली, याचं तारीखवार चरित्र कुठे मिळत नाही. शेतकऱ्याच्या बायकोच्या आयुष्याच्या तारखा लिहून ठेवतो कोण? पहाटे उठून दळण, सडासारवण, चूल, मग शेत, दिवेलागणीला परत चूल. दुसऱ्या दिवशी तेच.

पण या विधवेनं एक गाणं केलंय, ते मुळातून वाचाच. त्यात ती ज्योतिषाला दारातूनच परत पाठवते. हात दाखवायलाच तयार नाही! जे व्हायचं ते होऊन गेलं, आता माझं मी बघते, असा तिचा एकूण सूर. शंभर वर्षांपूर्वीची, न शिकलेली बाई ही. (आमच्या विंगमध्ये एम-थ्रीच्या पेपरच्या दिवशी ठरलेलाच शर्ट घालणारे महाभाग आहेत. नावं सांगत नाही.)

आता मुद्द्याचं. बहिणाबाई गाणी करायच्या म्हणजे काय करायच्या? कागद-पेन घेऊन बसणं शक्यच नव्हतं. जातं ओढताना, निंदताना, खळ्यावर, जे समोर असेल त्यावर तोंडानं गाणं जुळत जायचं. त्यामुळे त्यात कामाचे बारकावे असे येतात की वर्कशॉपवाल्यानं मान डोलवावी. पेरणी, कापणी, रगडणी, उपणणी, सगळ्यांवर वेगवेगळी गाणी आहेत. उपणणी इथल्या शहरी मंडळींना ठाऊक नसेल. मळणी झालेलं धान्य उंचावरून सुपातून हळूहळू सोडायचं. वारा असेल तर हलका भुसा दूर उडतो आणि दाणे सरळ खाली पडतात. आपल्या भाषेत सेपरेशन प्रोसेस, बिनविजेची. पण वारा पडला की काम ठप्प. म्हणून गाण्यात बाई वाऱ्यालाच बोलावते.

एकाच विहिरीवर चालणाऱ्या दोन मोटांवरही त्यांचं गाणं आहे. मोट म्हणजे चामड्याची मोठी पखाल. बैल धावेच्या उतारावरून पुढे गेले की नाडा ओढला जातो, मोट वर येऊन थारोळ्यात पाणी ओतते. बैल मागे आले की ती पुन्हा विहिरीत. या गाण्यात कणा येतो, चाक येतं, त्यांची गती येते, नाडा-सोंदूर येतात, इतकंच नाही तर त्यांची झीजसुद्धा येते! मशीन डिझाइनच्या तासाला झीज शिकताना मला हे गाणं आठवलं होतं, पण सरांना सांगायची हिंमत झाली नाही. जळगावातला छापखाना बघूनही त्यांनी गाणं केलं. यंत्र बघून चकित झालेली बाई शेवटी शेरा मारते तो मात्र माणसांवर. शाई लागली की कागदाला शहाणपण येतं, माणूस आहे तिथेच. हे म्हणणारीला तो छापलेला कागद वाचता येत नव्हता, हे लक्षात ठेवा.

भाषा आपली लेवा गणबोली. मले, तुले, डोळ्याला डोया. हॉस्टेलवर आमची या बोलीवरून भरपूर खेचली जाते. खेचा बापहो, पण हीच बोली पुढे अभ्यासक्रमात लागली!

ही गाणी कागदावर आली ती योगायोगानं. सोपान शाळेत जायला लागला. एकदा त्यानं आईला पुस्तकातला सावित्री-सत्यवानाचा धडा वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर आईचं त्यावर गाणं तयार! पोरगा थक्क झाला आणि तेव्हापासून वहीत उतरवून घेऊ लागला. त्याचा मावसभाऊ पितांबर चौधरी, तोही लिहून घ्यायचा. हा सोपान म्हणजेच पुढचे प्रसिद्ध कवी सोपानदेव चौधरी. पण गंमत नाही, विचार करा. बाई दिवसभर गाणार आणि ही दोन पोरं जवळ असतील तेव्हाच ते वहीत जाणार. बाकीचं गेलं वाऱ्यावर. किती गेलं याचा हिशेब कुणाकडेच नाही. माझ्या आजीलाही जात्यावरच्या ओव्या यायच्या. कुणीच लिहिल्या नाहीत, मीही नाही. ती गेली तेव्हा मी दहावीत होतो, लिहिता तर उत्तम येत होतं.

३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई जळगावात गेल्या. वय ७१. गावाच्या लेखी चौधऱ्यांच्या घरातली एक म्हातारी वारली. आपण कवयित्री आहोत हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, आणि त्यांच्या नावाची एक ओळ पुस्तकात छापलेली नव्हती. मुलगा स्वतः नावाजलेला कवी, पण आईची वही दाखवायला त्याला संकोच वाटायचा. लोक म्हणतील, आईचं कौतुक करतोय. शेवटी आई गेल्यावर त्यानं ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्रे अक्षरशः हरखून गेले. हे लपवून ठेवणं गुन्हा आहे असं त्यांचं मत पडलं. त्यांच्याच प्रस्तावनेसह १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' निघालं. त्यात फक्त ३५ कविता होत्या. पुढच्या आवृत्तीत काही वाढल्या. १९६१ च्या 'मानिनी' चित्रपटातून ती गाणी रेडिओवर आणि मग घराघरात गेली. ज्यांना पुस्तक वाचता येत नव्हतं अशा बायकांनाही ती पाठ झाली, माझ्या आजीला तिथूनच.

जळगावच्या जुन्या भागात चौधरी वाडा आहे. बहिणाबाईंच्या घरात त्यांच्या वापरातल्या वस्तू, शेतीची अवजारं, स्वयंपाकघरातली भांडी जपून ठेवली आहेत. दिवाळीच्या सुट्टीत तिकडे येणार असाल तर सांगा, स्टेशनवर घ्यायला येतो. आधी वाडा बघू, मग घरी भरीत-भाकरी.