अखंड विद्यार्थी : वास्तुशिल्पज्ञ अच्युत कानविंदे

विद्यार्थी मित्रहो, दुपारी उन्हाची तिरीप फळ्यावर पडली म्हणजे गुरुजींनी लिहिलेली अक्षरे दिसेनाशी होतात, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना असेल. खिडकी हातभर बाजूला असती, किंवा तिच्यावर छज्जा थोडा पुढे आलेला असता, तर ही अडचण मुळीच उद्भवली नसती. घर असो, शाळा असो की रुग्णालय असो, त्यातील प्रत्येक भिंतीचा व खिडकीचा विचार बांधकामाला आरंभ होण्यापूर्वी कोणीतरी कागदावर करावा लागतो. हा विचार शास्त्रशुद्ध रीतीने करणाऱ्यास वास्तुशिल्पज्ञ म्हणतात. असा एक थोर वास्तुशिल्पज्ञ कोकणातील एका खेड्यात जन्मला, आणि त्याने देशात मोठमोठ्या विद्यापीठांच्या व प्रयोगशाळांच्या इमारती उभ्या केल्या. त्याने विद्या कशी मिळविली, कोणती कौशल्ये अंगी बाणविली आणि मिळविलेल्या विद्येतही पुढे कसा बदल केला, हे आपण पाहू.

अच्युत पुरुषोत्तम कानविंदे यांचा जन्म 1916 मध्ये आचरे या गावी झाला. हे गाव त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यात होते. आज ते सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण तालुक्यात मोडते. सह्याद्रीच्या एका अंगाला आपले गुंजी, तर दुसऱ्या अंगाला समुद्रकाठचे आचरे. मधे घाट असला तरी दोन्हीकडे पावसाळ्याचा जोर सारखाच, आणि जांभ्या दगडाच्या भिंती, उतरती छपरे व पुढे आलेली वळचण हीही सारखीच.

घर मोठ्या खटल्याचे होते. अच्युत अवघा दोन वर्षांचा असताना त्याची आई वारली. वडील मुंबईस कलाशिक्षक होते. व्यक्तिचित्रे व निसर्गचित्रे ते काढीत. आईच्या मायेला पारखे झालेल्या या मुलावर वडिलांच्या चित्रकलेचा फार खोल संस्कार झाला. चित्र काढणाऱ्यास प्रथम नीट पाहावे लागते. सावली कोठे पडते, झाडाचा बुंधा कोठे झुकतो, माणूस उभा कसा राहतो, हे ज्याने निरखले नाही त्याच्या हाती नुसता रंग राहतो. हे निरखणे पुढे वास्तुकलेच्या अभ्यासात अच्युताच्या फार उपयोगी पडले.

1935 मध्ये त्यांनी मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेतील वास्तुकला विभागात प्रवेश घेतला. विभागाचे प्रमुख होते क्लॉड बॅटली. हे इंग्रज गृहस्थ खरे, परंतु विलायती इमारतींची नक्कल हिंदुस्थानात करीत बसावी, असे त्यांचे मत नव्हते. या देशातील जुनी मंदिरे, मशिदी, वाडे व घरे विद्यार्थ्यांनी स्वतः जाऊन पाहावीत, फीत लावून मोजावीत आणि त्यांची आरेखने करावीत, असा त्यांचा आग्रह असे.

हे मोजणीचे काम दिसते तितके सोपे नाही. एकाच इमारतीची किमान तीन चित्रे काढावी लागतात. पहिले चित्र म्हणजे वरून पाहिल्याप्रमाणे खोल्यांची मांडणी दाखविणारा नकाशा. दुसरे समोरून दिसणारे रूप. तिसऱ्यास छेद म्हणतात; इमारत सुरीने वड्यासारखी उभी कापली असती तर आत काय दिसले असते, हे त्यात दाखवितात. जिन्याची पायरी किती उंच, भिंत किती जाड, छपराचा उतार किती, हे सारे छेदात कळते. तिन्ही चित्रे एकाच प्रमाणात असावी लागतात, आणि एका चित्रातील माप दुसऱ्यातील मापाशी तंतोतंत जुळावे लागते. एखाद्या ठिकाणी चूक झाली तर ती कागदावर लहान दिसते. प्रत्यक्ष बांधकामात मात्र तुळई भिंतीपर्यंत पोहोचत नाही! यास्तव गणित, भूमिती व चित्रकला या तिन्ही विषयांत हात बसल्यावाचून या विद्येत पाऊल पुढे पडत नाही.

विद्याभ्यास पुरा करून कानविंदे बाहेर पडले तेव्हा दुसरे महायुद्ध चालू होते. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद ही संस्था 1942 मध्ये नुकतीच स्थापन झाली होती, आणि थोर रसायनशास्त्रज्ञ डॉ. शांतिस्वरूप भटनागर हे तिचे धुरीण होते. पुढील वर्षी कानविंदे या संस्थेत वास्तुशिल्पज्ञ म्हणून रुजू झाले. देशात प्रयोगशाळा उभारावयाच्या होत्या. परंतु तशा इमारती बांधण्याचा अनुभव आपल्याकडे फारसा नव्हता. म्हणून 1945 मध्ये सरकारने त्यांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात पाठविले.

तेथे त्यांचे गुरू होते वॉल्टर ग्रोपियस. ग्रोपियस यांनी 1919 मध्ये जर्मनीतील वायमार या नगरात बाउहाउस नावाची प्रसिद्ध शाळा काढली होती. चित्रकार, सुतार, विणकर व वास्तुशिल्पज्ञ यांनी एकत्र काम करावे, हाताने वस्तू घडवीत शिकावे आणि यंत्रयुगाला शोभेल अशी साधी, उपयुक्त रचना करावी, हे त्या शाळेचे ध्येय होते. जर्मनीत नाझी राजवट आल्यावर ग्रोपियस यांनी देश सोडला व 1937 पासून ते हार्वर्डमध्ये शिकवू लागले. इमारतीला बाहेरून नक्षी चिकटवू नये. ती कशासाठी बांधावयाची आहे, तेथे कोण काम करणार आहे आणि बांधकामाचे साहित्य कोणते आहे, यांतूनच तिचे रूप उमलावे, ही त्यांची शिकवण कानविंदे यांच्या मनात ठसली.

1947 मध्ये पदव्युत्तर शिक्षण पुरे करून कानविंदे परतले, तो देश स्वतंत्र होत होता. संशोधन परिषदेत प्रमुख वास्तुशिल्पज्ञ म्हणून त्यांच्यावर मोठी जबाबदारी आली. अहमदाबादच्या कापड गिरण्यांसाठी काढलेल्या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेची, म्हणजे ‘अटिरा’ची इमारत त्यांच्या आरंभीच्या कृतींपैकी एक होय. डॉ. विक्रम साराभाई हे या संस्थेच्या संस्थापकांपैकी होते. प्रयोगशाळेची रचना घरासारखी करून चालत नाही. तेथे पाणी, वायू व वीज यांच्या नळ्या प्रत्येक मेजापर्यंत न्याव्या लागतात. डोळ्यांवर झळाळी न येता भरपूर उजेड लागतो. आणि संशोधनाचा विषय बदलला की खोली लहान-मोठी करता यावी लागते. कानविंदे यांनी काँक्रीटचा सरळ सांगाडा उभा केला, आडव्या लांब खिडक्या ठेवल्या व सपाट छप्पर घातले. नक्षीकामाला येथे थारा नव्हता. स्वतंत्र भारताच्या आधुनिक वास्तुकलेच्या इतिहासात या इमारतीचे नाव आजही घेतले जाते.

तथापि येथेच त्यांच्यापुढे एक खरा प्रश्न उभा राहिला. हार्वर्डला शिकलेली सपाट भिंतींची, मोठ्या काचांची स्वच्छ पेटीसारखी इमारत थंड देशात शोभते व सोयीचीही होते. आपल्या देशात मात्र उन्हाळ्यात काच तापते, धुळीने भिंती मळतात आणि पावसाळ्यात सपाट छपराची परीक्षा होते. मोठ्या गुरूकडून विद्या घेऊन आलेल्या माणसाला आपल्या विद्येत काही उणे आहे असे मान्य करणे जड जाते. कित्येक जण आयुष्यभर परदेशी धडाच गिरवीत राहतात. कानविंदे यांनी तसे केले नाही. गुरूंनी दिलेला प्रश्न त्यांनी ठेवला. उत्तर मात्र या भूमीत नव्याने शोधले. इमारत वापरणारा माणूस भारतातील आहे आणि त्याच्या डोक्यावरचे ऊनही भारतातील आहे, हे त्यांनी उत्तरोत्तर अधिक ध्यानी घेतले.

1955 मध्ये त्यांनी अभियंते शौकत राय यांच्या समवेत दिल्लीत स्वतःचे कार्यालय काढले. वास्तुशिल्पज्ञ आकार योजितो, तर तो आकार आपला भार पेलील की नाही याचे गणित अभियंता करितो. या दोन विद्या एकाच कार्यालयात नांदू लागल्यामुळे काम बळकट झाले. थोड्याच वर्षांत त्यांच्याकडे कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे काम आले. या संस्थेचे पहिले संचालक डॉ. पुरुषोत्तम काशिनाथ केळकर हे आपल्या शेजारच्या धारवाडात जन्मले होते. धारवाडचा एक शिक्षणतज्ज्ञ आणि आचऱ्याचा एक वास्तुशिल्पज्ञ यांनी गंगेच्या मैदानात विद्यानगर वसवावे, हा योग आपल्या भागातील मुलांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

सुमारे एक हजार एकरांचे ते माळरान होते. उन्हाळ्यात तेथे लू वाहते आणि माणूस उन्हात दहा पावले चालला तरी कासावीस होतो. कानविंदे यांनी प्रथम विद्यार्थ्याच्या पावलांचा विचार केला. वसतिगृहातून तो निघणार, व्याख्यानास जाणार, तेथून प्रयोगशाळेत व ग्रंथालयात जाणार. शैक्षणिक इमारती त्यांनी आच्छादित वाटांनी एकमेकींस जोडल्या. पायी चालणाऱ्यांच्या वाटा व वाहनांचे रस्ते वेगळे ठेवले. ग्रंथालय व व्याख्यानगृहे मध्यभागी आणली, म्हणजे निरनिराळ्या शाखांचे विद्यार्थी येता-जाता एकमेकांस भेटतील. काँक्रीटचा सांगाडा आणि त्यात गिलावा न केलेल्या विटांच्या भिंती, असे साधे साहित्य वापरले. धुळीने मळणारी पांढरी भिंत येथे नाही. वीट आपला मूळ रंग घेऊन उभी आहे. तेथील ग्रंथालयास आज डॉ. केळकरांचेच नाव आहे. विद्यालयांच्या परिसर-रचनेवर कानविंदे यांनी एच. जेम्स मिलर यांच्या सहकार्याने इंग्रजीत ग्रंथही लिहिला. तो 1969 मध्ये प्रसिद्ध झाला. बंगळूरच्या कृषी विज्ञान विद्यापीठाच्या परिसराची रचनाही त्यांनीच केली.

गुजरातेतील मेहसाणा येथे सहकारी दूध संघाची दूधसागर डेअरी आहे. 1970 नंतरच्या काही वर्षांत कानविंदे यांनी तिची इमारत उभारली. दूध तापविण्या-थंड करण्याच्या यंत्रांमुळे अशा कारखान्यात उष्मा व वाफ फार असते. त्यांनी छपरावर हवेचे उंच मनोरे उभे केले. गरम हवा हलकी असते, ती वर चढते. म्हणून ती या मनोऱ्यांतून निघून जाते आणि खालून ताजी हवा आत येते. आपल्या जुन्या घरांतील धुराड्याचे व झरोक्याचे तत्त्व याहून निराळे नाही. लांबून पाहणाऱ्यास मात्र त्या मनोऱ्यांमुळे ही इमारत एखाद्या गढीसारखी भव्य दिसते. हे सौंदर्य वरून लावलेले नसून उपयोगातून जन्मलेले आहे.

पुढे 1985 मध्ये मुंबईस वरळीला खुले झालेले नेहरू विज्ञान केंद्र त्यांच्याच रचनेचे. सहलीस मुंबईला गेलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींनी ते पाहिलेही असेल. उतारवयात त्यांनी दिल्लीतील कृष्णमंदिराची रचना केली. ते 1998 मध्ये पूर्ण झाले. आयुष्यभर प्रयोगशाळा बांधणाऱ्या या माणसाने ऐंशीच्या घरात शिखरे असलेल्या मंदिराचा अभ्यास हाती घ्यावा, यात त्यांची विद्यार्थिवृत्तीच दिसून येते. भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. 28 डिसेंबर 2002 रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या हाताखाली तयार झालेले अनेक वास्तुशिल्पज्ञ नंतर नावारूपास आले.

मित्रहो, वास्तुशिल्पज्ञ होण्यासाठी आज पाच वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे. बारावीला गणित लागते, प्रवेशपरीक्षेत चित्र काढण्याची व आकार ओळखण्याची कसोटी असते, आणि आरेखन आता बहुधा संगणकावर होते. पण संगणक रेघ सरळ काढून देतो. खिडकी कोठे ठेवावी, ते तो आपण होऊन सांगत नाही. ते डोळ्यांनी पाहून व माणसांना विचारूनच कळते.

त्याचा आरंभ गुंजीतही करता येईल. येत्या सुट्टीत आपल्या घराची मोजणी करून त्याचा नकाशा व छेद काढा. ओसरीवर ऊन केव्हा येते, वळचणीच्या पागोळ्या भिंतीपासून किती अंतरावर पडतात, स्वयंपाकघरातील धूर कोठून जातो, ते वहीत टिपा. आजीला विचारा, घरातील कोणती जागा तिला गैरसोयीची वाटते आणि का. आपल्या खानापूर तालुक्यातील विटा व कौले प्रसिद्ध आहेत. एका विटेची लांबी, रुंदी व जाडी मोजून पाहा आणि एका भिंतीला किती विटा लागतील याचे गणित मांडा. मुंबईच्या कलाशाळेत कानविंदे यांनी याच प्रकारचे धडे गिरविले होते. पुढे मोठी कीर्ती मिळाली तरी त्यांनी पाहणे, मोजणे, विचारणे आणि चुकले तर पुन्हा आखणे सोडले नाही. ही सवय ज्याच्या अंगी बाणेल, तो उद्या कोणत्याही व्यवसायात गेला तरी त्याचे काम लोकांच्या उपयोगी पडल्यावाचून राहणार नाही.