थकवा मोजणाऱ्या प्राध्यापिका

शस्त्रक्रिया चालू आहे. सर्जन नजर न हलवता हात पुढे करतो आणि परिचारिका नेमके हवे ते हत्यार त्याच्या तळव्यावर ठेवते. हे दृश्य आज इतके सवयीचे आहे, की याहून वेगळे कधी काही असेल असे वाटत नाही. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अनेक सर्जन स्वतःच मान वळवून ट्रेमधले हत्यार शोधत, उचलत आणि पुन्हा जखमेकडे वळत. रुग्ण तेवढा वेळ भुलीखाली असे. अमेरिकेतल्या एका जोडप्याने 1910 च्या दशकात शस्त्रक्रियांचे चलच्चित्रण केले आणि यात किती वेळ फुकट जातो हे डॉक्टरांना पडद्यावर दाखवले. फ्रँक गिल्ब्रेथ यांनी कॉलेजचे तोंड पाहिले नव्हते, ते गवंडीकामातून वर आले होते. त्यांच्या पत्नी लिलियन साहित्याच्या पदवीधर होत्या. माणसांच्या कामाबद्दलचे निर्णय अंदाजाने नव्हे, पुराव्याने घ्यावेत, ही गोष्ट विद्यापीठाच्या वर्गात नेणाऱ्या पहिल्या काही मंडळींत लिलियन यांचे नाव घ्यावे लागते.

लिलियन मोलर यांचा जन्म 24 मे 1878 रोजी कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचा. मुलीने शिकून काय करायचे, असा प्रश्न पडणारे सधन घर. तरी हट्टाने त्या बर्कलीच्या विद्यापीठात गेल्या आणि 1900 साली तिथल्या पदवीदान समारंभात भाषण करणाऱ्या पहिल्या विद्यार्थिनी ठरल्या. पुढे न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात ज्या प्राध्यापकांकडे साहित्य शिकायचे होते, ते स्त्रियांना वर्गात घेत नसत. मग त्या एडवर्ड थॉर्नडाइक यांच्या मानसशास्त्राच्या वर्गात जाऊन बसल्या. तिथे फार दिवस राहता आले नाही, आजारपणामुळे परतावे लागले. एम. ए. केले ते बर्कलीला, साहित्यातच. पण माणूस शिकतो कसा, हा थॉर्नडाइक यांचा प्रश्न डोक्यात राहिला.

1904 साली त्यांचे फ्रँक यांच्याशी लग्न झाले. फ्रँक यांची कीर्ती विटांवर उभी होती. उमेदवारीत असताना त्यांच्या लक्षात आले होते, की दोन गवंडी एकसारखी वीट लावत नाहीत आणि एकच गवंडी घाईत एका पद्धतीने लावतो, निवांत असताना दुसऱ्या. त्यांनी विटा आणि चुना कमरेच्या उंचीवर राहील अशी परांची बनवली, म्हणजे प्रत्येक विटेसाठी वाकणे नको. एका विटेमागच्या अठरा हालचाली पाचांवर आल्या आणि तासाला 120 विटा लावणारा गडी 350 लावू लागला.

हिशेब बरोबर होता, पण माणूस त्यात कुठे होता? त्याच काळात फ्रेडरिक टेलर यांचे शास्त्रीय व्यवस्थापन गाजत होते. हातात स्टॉपवॉच घेतलेला निरीक्षक कामगारामागे उभा राही आणि त्याच्या कामाचा वेळ ठरवून देई. 1911 च्या ऑगस्टमध्ये वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रास्त्र कारखान्यात याच घड्याळावरून ओतारी काम टाकून बाहेर पडले. गिल्ब्रेथ दांपत्य आधी टेलर यांच्याच गोटातले. मात्र लिलियन यांचे म्हणणे असे, की कामगार कशाने थकतो, कशाने कंटाळतो, नवी पद्धत कशी शिकतो हे न तपासता वेळ ठरवणे अर्धवट शास्त्र आहे. याच विषयावर त्यांनी प्रबंध लिहिला. बर्कलीने वास्तव्याच्या नियमावर बोट ठेवून पीएच. डी. नाकारली. तोच प्रबंध 1914 साली ‘द सायकॉलॉजी ऑफ मॅनेजमेंट’ या नावाने पुस्तकरूपात आला. बाईचे नाव दिसले तर पुस्तक कोण घेईल, या धास्तीने लेखकाच्या जागी फक्त एल. एम. गिल्ब्रेथ छापले गेले.

त्यांनी ब्राऊन विद्यापीठासाठी दुसरा प्रबंध लिहिला आणि 1915 साली डॉक्टरेट मिळवली. त्याचा विषय होता वर्गातल्या शिकवण्यात वाया जाणारे श्रम. कारखान्याकडे ज्या नजरेने पाहायचे त्याच नजरेने शाळेकडे पाहायचे, हा विचार तेव्हा नवा होता. त्या सुमारास, 1913 ते 1916 असे चार उन्हाळे, दोघांनी प्रॉव्हिडन्स शहरात प्राध्यापकांसाठी विनाशुल्क वर्ग चालवले. अभियांत्रिकी, मानसशास्त्र, अर्थशास्त्र शिकवणारे लोक येत. हा विषय विद्यापीठांत रुजायचा तर आधी शिकवणाऱ्यांना शिकवले पाहिजे, हे त्यामागचे गणित.

दोघांच्या कामात आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग थकव्याचा. 1916 च्या ‘फटीग स्टडी’ या पुस्तकात त्यांनी टाळता येणारा थकवा आणि कामाला चिकटलेला थकवा असे दोन भाग केले. पहिला मुळातून काढायचा, दुसऱ्याला विश्रांती द्यायची. चुकीच्या उंचीची खुर्ची, डोळ्यांवर येणारा उजेड, दिवसभर उभे राहणे हे सगळे पहिल्या खात्यात. रुमालांच्या घड्या घालणाऱ्या मुलींसाठी त्यांनी तासाचे सहा-सहा मिनिटांचे तुकडे केले. बहुतेक तुकड्यांत पाच मिनिटे काम आणि एक मिनिट विश्रांती, काही तुकडे बसून, काही उभ्याने. उत्पादन तिपटीहून जास्त झाल्याची नोंद त्यांनी केली. इथे आजचा चिकित्सक वाचक थोडा थांबेल. बैठक, विश्रांती आणि पद्धत एकाच वेळी बदलली तर फरक नेमका कशामुळे पडला? शिवाय हे दोघे सल्लागार होते आणि यशाचे आकडे त्यांची जाहिरातही करत. ही शंका रास्त आहे. पण मोजमापाची साधने त्यांनीच पुढच्यांच्या हाती दिली, हेही खरे. मिनिटाचा दोन हजारावा भाग दाखवणारे घड्याळ चित्रचौकटीत ठेवून ते चित्रण करत, म्हणजे आकडा निरीक्षकाच्या अंगठ्यावर अवलंबून राहत नसे आणि कामगारालाही तो पडद्यावर पाहता येई. हाताच्या मूलभूत हालचालींना त्यांनी ‘थर्ब्लिग’ असे नाव दिले. गिल्ब्रेथ हे आडनावच त्यांनी जवळजवळ उलटे लिहिले होते.

14 जून 1924 रोजी फ्रँक रेल्वे स्थानकावरून घरी फोनवर बोलत असताना हृदयविकाराच्या झटक्याने गेले. वय 55. बारा मुलांपैकी एक मुलगी 1912 सालीच घटसर्पाने गेली होती. उरलेल्या अकरा मुलांतले धाकटे अवघे दोन वर्षांचे. युरोपातल्या परिषदांची तिकिटे काढलेली होती. लिलियन काही दिवसांतच बोटीत बसल्या आणि लंडन व प्राग इथे पतीच्या जागी उभ्या राहिल्या.

परतल्यावर मात्र कंपन्यांनी पाठ फिरवली. दहा वर्षे कामात निम्मा वाटा ज्यांचा होता, त्या बाईकडून कारखान्याची व्यवस्था कोण लावून घेणार! मग 1925 साली त्यांनी मॉंटक्लेअरच्या घरातच वर्ग सुरू केला. कंपन्यांनी आपली माणसे पाठवावीत, त्यांनी हालचालींचे चित्रण करायला, तक्ते मांडायला शिकावे आणि परत जाऊन आपल्याच कारखान्यात ते करून पाहावे. विद्यार्थी परदेशातूनही आले. न्यूयॉर्कच्या मेसीज या बड्या दुकानाचे काम मिळाले, तेव्हा त्या स्वतः विक्रेती म्हणून काउंटरमागे उभ्या राहिल्या.

त्यानंतरच्या कामाबद्दल आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. 1926-27 मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनसाठी त्यांनी सॅनिटरी नॅपकिनची पाहणी केली. बाजारात माल होता, तो पुरुष बनवत होते, आणि वापरणारीला कुणी विचारले नव्हते. हजाराहून अधिक स्त्रियांकडून माहिती गोळा झाली, त्यात कॉलेजच्या मुली बऱ्याच. नॅपकिन फार लांब आणि जाड असतात, अनेकजणी ते घरी कापून बेतात आणि दुकानात मागताना संकोच होतो, हे त्यातून आकड्यांसह पुढे आले.

स्वयंपाकघराचेही तेच. ब्रुकलिनच्या गॅस कंपनीसाठी त्यांनी ओटा, शेगडी आणि साठवण जवळजवळ आणली. स्ट्रॉबेरीचा केक करून पाहिला, तेव्हा पूर्वीच्या 281 पावलांच्या जागी 45 पुरली. गंमत अशी, की बाईंना स्वतःला स्वयंपाक अजिबात आवडत नसे आणि घरचे स्वयंपाकघर जुन्याच पद्धतीचे होते.

1935 साली इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठाने त्यांना व्यवस्थापनाच्या प्राध्यापक नेमले. अभियांत्रिकी शाखेत तिथे आलेल्या त्या पहिल्या स्त्री प्राध्यापक. वय 57. त्या न्यू जर्सीहून ये-जा करत आणि तिथे असताना मुलींच्या वसतिगृहात राहत. त्याच वसतिगृहात तेव्हा वैमानिक अमेलिया इअरहार्टही उतरत. विद्यापीठात हालचाल अभ्यासाची प्रयोगशाळा उभी राहिली. उद्या शेकडो माणसांच्या कामाचे तास आणि कामाची जागा ठरवणारी ही मुले. एखादी बैठक बदलायची, एखादी पाळी लांबवायची, तर आधी त्या कामाचे चित्रण करा, हालचालींचा तक्ता मांडा, काम करणाऱ्याला विचारा, आणि बदलानंतर पुन्हा मोजा, ही त्यांची रीत होती. 1948 साली त्या निवृत्त झाल्या. त्याच वर्षी दोन मुलांनी लिहिलेले ‘चीपर बाय द डझन’ हे पुस्तक आले आणि लोकप्रिय झाले. त्याने एक तोटा केला: वाचकांच्या मनात डॉ. गिल्ब्रेथ राहिल्या त्या बारा लेकरांची आई म्हणून.

त्या थांबल्या नाहीत. हृदयविकार असलेल्या गृहिणींना दमछाक न होता काम करता यावे असे स्वयंपाकघर, अपंगांना घरात स्वतःचे स्वतः करता यावे अशी मांडणी, यांवर त्या काम करत राहिल्या. 1965 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीत निवडून आलेल्या त्या पहिल्या स्त्री. 2 जानेवारी 1972 रोजी, वयाच्या 93 व्या वर्षी, अॅरिझोनातल्या फिनिक्स इथे त्यांचे निधन झाले. दोघांची कागदपत्रे आणि पुस्तके पर्ड्यूच्या ग्रंथालयात आहेत.