रॉबर्ट व्हेन रसेल

रॉबर्ट व्हेन रसेल (१८७३ – ३० डिसेंबर १९१५) हे ब्रिटिश भारतातील सनदी अधिकारी व मानववंशशास्त्रज्ञ होते. मध्य प्रांतातील जातिजमातींवरील चार खंडांच्या ग्रंथामुळे ते ओळखले जातात. मात्र तो छापून आलेला पाहणे त्यांच्या वाट्याला आले नाही.

कारकीर्द

१९०१ च्या जनगणनेत रसेल मध्य प्रांताचे अधीक्षक होते. त्याच सुमारास सर हर्बर्ट रिस्ले यांच्या सूचनेवरून सरकारने प्रांतवार मानववंशीय पाहणी हाती घेतली आणि मध्य प्रांताचे काम रसेल यांच्याकडे आले. नित्याची शासकीय कामे सांभाळून ते करावे लागल्याने त्यात अनेक वर्षे गेली. दरम्यान त्यांनी नागपूर, वर्धा आदी जिल्ह्यांच्या गॅझेटियरांचे संपादनही केले.

ग्रंथ

अधिकाऱ्यांना आपल्या अमलाखालील लोकांच्या चालीरीती कळाव्यात, हा ग्रंथाचा उघड हेतू होता. त्यातील बरीचशी माहिती तहसीलदार, शाळा तपासनीस अशा स्थानिक कर्मचाऱ्यांच्या टिपणांतून आली. सहायक होते कटनीचे कोरीव लेखांचे अभ्यासक रायबहादूर हिरालाल. आज ग्रंथाचा उल्लेख दोघांच्या नावे होतो, आणि ते न्याय्यच आहे.

१९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभाराला जोडले गेल्याने यवतमाळ, अकोला, बुलढाणा भागातील आंध जमातीची नोंदही ग्रंथात आली. पैनगंगेपलीकडचा हिंगोली-कळमनुरीचा मुलूख निजामाच्या राज्यात असल्याने पाहणीबाहेर राहिला. आंधांची वस्ती मात्र तेथेही आहे. हैदराबाद संस्थानासाठी सय्यद सिराज उल हसन यांचा असाच ग्रंथ १९२० मध्ये निघाला. आंधांच्या दोन विभागांपैकी एकाला शुद्ध व दुसऱ्याला अनौरस ठरवणारी रसेल यांची नोंद त्या काळच्या दृष्टीची मर्यादा दाखवते. काही जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारणारी वर्णनेही ग्रंथात आहेत.

मृत्यू व नंतर

३० डिसेंबर १९१५ रोजी मुंबईकडे निघालेले 'पर्शिया' हे प्रवासी जहाज क्रीट बेटानजीक जर्मन पाणबुडीने पूर्वसूचना न देता बुडवले. तीनशेहून अधिक बळींमध्ये रसेल होते. ग्रंथ १९१६ मध्ये लंडनच्या मॅकमिलन संस्थेने प्रसिद्ध केला.

अधिकाऱ्यांच्या सोयीसाठी लिहिलेल्या या नोंदी पुढे न्यायालयांत पोहोचल्या. माना जमातीच्या अनुसूचित दर्जाच्या वादात त्यांचा आधार घेतला गेला.