आंत्वान लव्हॉयझर

सोलापूर जिल्ह्यातील द्राक्षांच्या व डाळिंबांच्या बागांत रोग पडू नये म्हणून मोरचूद व चुना पाण्यात कालवून फवारतात. त्या मिश्रणाला फ्रान्समधील बोर्डो या शहराचे नाव आहे. मोरचुदाचे शास्त्रीय नाव कॉपर सल्फेट. अशी नावे देण्याची रीत ज्यांनी घालून दिली, त्यांत आंत्वान लव्हॉयझर हा फ्रेंच शास्त्रज्ञ प्रमुख होता.

त्याचा जन्म २६ ऑगस्ट १७४३ रोजी पॅरिस येथे झाला. वडिलांप्रमाणे तोही कायदा शिकला. परंतु त्याचे मन रमले ते तराजूत आणि काचपात्रांत. १७६८ साली तो विज्ञान अकादमीचा सभासद झाला. त्याच वर्षी त्याने सरकारी कर वसूल करणाऱ्या मक्तेदारांच्या मंडळीत भाग घेतला. त्यामुळे प्रयोगांना लागणाऱ्या पैशाची ददात मिटली. त्याची पत्नी मारी हिने त्याच्यासाठी इंग्रजी ग्रंथांची भाषांतरे केली व उपकरणांची सुबक चित्रे काढली.

त्या काळी पदार्थांची नावे मोठी विचित्र असत. तांब्याला शुक्र आणि लोखंडाला मंगळ म्हणत. म्हणून मोरचूद शुक्राचे, तर हिराकस मंगळाचा! एका जहाल विषाला तर आर्सेनिकचे लोणी म्हणत. नावावरून घटक मुळीच कळत नसत. दिझाँ येथील गितों द मॉर्व्हो, बर्थोले व फूरक्र्वा यांच्यासह लव्हॉयझरने १७८७ साली नवी पद्धत प्रसिद्ध केली. नावातच घटक सांगावे, हे तिचे सूत्र. आज आपण आधी धातूचे नाव घेतो व मग गटाचे. गंधकाचा एक अणू आणि ऑक्सिजनचे चार अणू यांच्या जुडग्याला मिळून एकच नाव, सल्फेट. ऑक्सिजनचा एक अणू कमी असेल, तर सल्फाइट. नायट्रेट व नायट्राइट यांतही हाच भेद. लव्हॉयझर १७७५ पासून सरकारी बंदुकीच्या दारूचा कारभार पाहत होता. त्या दारूतील सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. अशा जुडग्यांवर विद्युत्भार असतो व त्यांना आयन म्हणतात, हे मात्र पुढे १९ व्या शतकात उलगडले.

ऑक्सिजन म्हणजे आम्ल उत्पन्न करणारा. प्रत्येक आम्लात तो असतोच, असे लव्हॉयझरला वाटे. ते खरे नव्हते. हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नाही. तरी नाव टिकलेच!

पुढे फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. करवसुलीच्या मक्तेदारांवर लोकांचा रोष होताच. १७९३ च्या नोव्हेंबरात लव्हॉयझरला अटक झाली आणि ८ मे १७९४ रोजी, सासऱ्यासह इतर २७ मक्तेदारांबरोबर, त्याचा शिरच्छेद करण्यात आला. तेव्हा तो अवघा ५० वर्षांचा होता. नव्या नावांच्या कामातील त्याचे सहकारी गितों व फूरक्र्वा त्या वेळी राष्ट्रसभेचे सभासद होते. पण त्यांच्याकडून त्याचे प्राण वाचले नाहीत. मारीने जप्त झालेली कागदपत्रे परत मिळविली आणि पतीचे अपुरे राहिलेले लेखन छापून घेतले.